मदत हवी आहे: अनोळखी माणसाला ॲडव्हान्स पाठवू का?

जुळे सोलापुरात घरीच गणवेश शिवते. पुण्याच्या एकाकडून जुनं ओव्हरलॉक मशीन १४,००० ला ठरलंय. तो आधी ५,००० यूपीआयने मागतोय. व्हिडिओ कॉलवर मशीन चालवून दाखवलं, टाके नीट पडत होते. पण पैसे पाठवायला गेले तर स्क्रीनवर नाव भलतंच! म्हणे, मेहुण्याचं खातं आहे. तिथंच थांबले.

फसल्यावर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा हे माहीत आहे. मला त्याआधीचं हवंय. ऑर्डरीमुळे पुण्याला जाणं जमत नाही, तिथं ओळखीचंही कोणी नाही. ट्रान्सपोर्टच्या गोदामात मशीन उतरवून, चालवून बघून मगच पैसे, असा व्यवहार कोणी केलाय का? ते पैसे ट्रान्सपोर्टवाले घेतात की विकणाऱ्यालाच पाठवायचे?