मदत हवी आहे: निवारा केंद्राच्या टाकीत क्लोरीन संध्याकाळपर्यंत टिकवायचा कसा?

शिरोळकडच्या पूरगावांच्या तयारीसाठी विचारतोय. २०१९, २०२१ सारखं पाणी लवकर उतरलं नाही तर टँकरवरच भागवावं लागतं. पद्धत नेहमीचीच: हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळीच टाकीत. अर्ध्या तासाने ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी) पिवळा रंग येतो. संध्याकाळी शेवटच्या नळाच्या पाण्याला मात्र त्याच टेस्टला रंगच येत नाही. गाळ क्लोरीन खातो म्हणून आधी तुरटी फिरवतो. पोतं उघडं राहून दमट हवा लागली की पावडरही मरते, ती वेगळीच कटकट. डोस वाढवला तर वासामुळे म्हातारी माणसं पाणीच कमी पितात. मग दिवसातून दोनदा थोडं थोडं घालावं का? दुसऱ्या वेळी किती ग्रॅम?