साम्यवाद आन् समाजवाद एकच काय?

कापूसवाला, यवतमाळ: पोरीनं इचारलं, मी सांगतलं एकच. मास्तरनं तिले लाल शेरा देल्ला. खरं काय हाय?

वऱ्हाडी काका: भाऊ, १९७२ ची एकाधिकार कापूस खरेदी आठवते? कापूस सरकारनंच घ्यायचा, पन वावर आपलं, सातबारा आपल्या नावचा. हे समाजवादाकडं झुकलेलं. सोव्हिएत रशियात १९२९ पासून वावरंच सामूहिक केले, जबरदस्तीनं. हा झाला साम्यवादाचा रस्ता.

पुस्तकी किडा: काका, अर्धंच सांगता. त्या देशाच्या नावातबी 'समाजवादी'च होतं! मार्क्सनं साम्यवादाचे दोन टप्पे सांगितले. पहिल्यात कामाप्रमाणे वाटा. लेनिन त्यालाच समाजवाद म्हणतो. दुसऱ्यात गरजेप्रमाणे, आणि वर्ग नाही, राज्यसंस्थाही विरून गेलेली.

कापूसवाला: सरकारच नाई? मंग पीकविम्यासाठी भांडाव कोनासंग?