नजर कमी होत चाललीय, संख्याशास्त्राला प्रवेश घेतलाय. कॉलेजकडे नक्की काय मागायचं?

निशाचर:
नाव गमतीने घेतलंय, अंधार पडला की मला काहीच दिसत नाही. रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. मधलं दिसतं, कडेकडेचं जात चाललंय. त्यामुळे मोबाइलवर वाचताना पाहिलं की लोकांना वाटतं ही नाटकं करते, आणि तीच मी पाच मिनिटांनी वाटेतल्या खुर्चीवर आदळते.

संख्याशास्त्र घेऊन पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळालाय. प्रोजेक्टरसाठी दिवे घालवले की स्वतःच्या वहीत काय लिहितेय तेही दिसत नाही. कॉलेजच्या साइटवर दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी एक पान आहे, त्यावर रॅम्पचा फोटो आणि खाली 'संपर्क साधा'. साधते, पण म्हणू काय? मागता काय येतं हेच ठाऊक नाही. शिवाय नजर पुढे आणखी कमी होणार असं डॉक्टर म्हणतात, तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) आत्ताच शिकून घ्यावा का? आणि खरी धास्ती आलेखांची आहे. आलेख ऐकून कसा कळायचा?

कळफलक:
मी पूर्ण अंध, याच विषयात पदव्युत्तर शिक्षण झालंय. आधी आलेखांचं बोलू, कारण तिथेच बरेचजण विषय सोडतात.

न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ जोनाथन गॉडफ्री स्वतः अंध आहेत. त्यांनी 'आर' या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेसाठी ब्रेलआर नावाचं पॅकेज, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, तयार केलंय. (नावावर जाऊ नकोस, ब्रेल येत नसलं तरी चालतं.) हिस्टोग्राम (कुठल्या गटात किती नोंदी ते दाखवणारा स्तंभांचा आलेख) काढून त्यातल्या 'व्हीआय' फंक्शनला दिला की शीर्षक, अक्षांवर काय आहे, कुठल्या गटात किती नोंदी, असं सगळं वाक्यांत मिळतं. मग वितरण एका बाजूला कललंय का, हे ऐकून समजतं. 'आर' मुळात टाइप करून चालवायची भाषा आहे, त्यामुळे माउसने बटणं शोधायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा आपल्याला कितीतरी सोयीची.

स्क्रीन रीडर आत्ताच शीक. डोळे थोडे साथ देतायत तोवर शिकलीस तर अडलं की पडद्यावर बघता तरी येईल. विंडोजवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट आहे, २००६ पासून त्यावर काम चालू आहे. सुरुवातीला आवाजाचा वेग कमी ठेव. आता माझा वेग ऐकून आई विचारते, बिघडलंय का रे ते?

आता नोट्स. 'पीडीएफ पाठवलीय' म्हणतात आणि निघतात स्कॅन केलेली पानं. एखादा शब्द माउसने निवडून बघ. निवडला जात नसेल तर बहुधा तो मजकूर नाही, फोटो आहे. ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर) साध्या गद्याला ठीक, समीकरणांची मात्र पार वाट लावतं. घात खाली उतरतो, सिग्माचा ई होतो. म्हणून मूळ फाइलच मागायची, लाटेक्स (समीकरणंही टाइप करून लिहायची पद्धत) असेल तर लाटेक्स, वर्ड असेल तर वर्ड. समीकरण मॅथएमएलमध्ये (वेबपानांवर समीकरणं लिहायची पद्धत) असेल तर एनव्हीडीएमध्ये मॅथकॅट या समीकरणं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने ते तुकड्यातुकड्याने ऐकता येतं.

दुसरी_पाळी:
मी एका कॉलेजच्या दिव्यांग कक्षात काम करते. आमच्याकडे मुलं येतात आणि आजाराचं नाव सांगून गप्प बसतात. समोरच्याला त्यातून काहीच कळत नाही. तू अडचण आणि उपाय दोन्ही लिहूनच पाठव, तेही सत्र सुरू व्हायच्या आधी. साधारण असं:

'दिवे बंद असताना मला लिहिता येत नाही. स्लाइड्स आदल्या दिवशी मिळाव्यात किंवा बाकावर छोटा दिवा लावू द्यावा. परीक्षा संगणकावर, स्क्रीन रीडर लावून द्यायची आहे. त्याच संगणकावर आधी सराव करायला मिळावा. वेळ वाढवून मिळावा.'

सरावाचं वाक्य गाळू नकोस. परीक्षेच्या दिवशी हेडफोन चालत नाहीत, सॉफ्टवेअर टाकलेलंच नसतं, आणि जादा मिळालेला वेळ त्यातच जातो.

आणि मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका घेण्याआधी घरी वाचून बघ. नजरेचा घेरच लहान असेल तर अक्षर मोठं केल्यावर एका नजरेत उलट कमी शब्द मावतात. 'कमी दिसतं' म्हटलं की आमच्यासारखी ऑफिसं डोळे झाकून मोठा टाइप छापतात! काळ्यावर पांढरी अक्षरं जमतात का तेही पाहा. विंडोजच्या मॅग्निफायरमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि आय एकत्र दाबलं की रंग उलटतात.

वैद्यकीय कागद कक्षाकडे दे. शिकवणाऱ्यांना कुठल्या सोयी द्यायच्यात एवढं कळलं तरी भागतं, निदान प्रत्येकाला सांगत बसू नकोस.

मागचं_बाकडं:
मी कर्णबधिर आहे, त्यामुळे माझी मागणी वेगळी, अनुभव तोच. पण माहिती हवी असेल तर वरच्या वर्षातला कुणीतरी गाठ. कुठले सर स्लाइड्स मागितल्याबरोबर देतात आणि कुठल्या सरांच्या मागे लागावं लागतं, हे कुठल्याच वेबसाइटवर नसतं.

पुस्तकांसाठी ग्रंथपालांना बुकशेअरबद्दल (छापील वाचता न येणाऱ्यांसाठीची ऑनलाइन लायब्ररी) विचार. आणि ते 'कॉपीराइट, कॉपीराइट' करायला लागले तर मराकेश कराराचं नाव काढ. २०१३ चा आहे, २०१६ पासून लागू. छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठी वाचता येईल अशी प्रत करायला आणि ती देशोदेशी पाठवायला मुभा देण्यासाठीच तो झाला.

निशाचर:
बापरे, एवढं सगळं! मेल लिहायला घेतलंय. दिव्याचं मला सुचलंच नसतं. @दुसरी_पाळी ताई, मूळ फाइल द्यायला कुणी नाहीच म्हणालं तर? 'माझ्या नोट्स बाहेर फिरतील' म्हणून.

दुसरी_पाळी:
असं म्हणणारे भेटतातच. तू स्वतः वाद घालू नकोस. 'फाइल कक्षाकडे द्या, मी दुसऱ्या कुणाला देणार नाही असं लिहून देते' म्हणायचं. बरेचजण तेवढ्यावर तयार होतात. तरीही अडलं तर कक्षाकडून लेखी पत्र जाऊ दे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराचं २४ वं कलम उच्च शिक्षणालाही लागू आहे, आणि करार मान्य केलेल्या देशांनी वाजवी सोयी द्यायच्या आहेत. पत्रात तेवढी एक ओळ असली तरी पुरते. आणि लाटेक्सच हवं असा हट्ट सगळ्या धड्यांसाठी धरू नकोस, समीकरणं जास्त आहेत तेवढ्यांचीच यादी दे.