मदत हवी आहे: खुराड्यात तलंग (तरुण कोंबडी) मेलेली, मुंडकं गायब. कोणाचं काम?

आगरातली:
सकाळी खुराडं उघडलं तर एक तलंग मरून पडलेली. मुंडकं नाही, बाकी अंग जिथल्या तिथे. कडी लावलेली होती, जाळी कुठेही फाटलेली नाही. सासूबाई म्हणतात मुंगूस, शेजारचे काका म्हणतात वाघाचं पिल्लू, नवरा म्हणतो कोंबड्या विकून टाक. विकायचा सल्ला नकोय. प्राणी कोणता आणि आज रात्री काय करू, एवढंच सांगा. घाई आहे.

बावनदीकाठ:
मुंगूस. डोळे झाकून सांगतो. मान धरतो, अंग टाकून जातो.

कातळफूल:
ताई, कोंबडी रात्री मेली की उजाडल्यावर? खुराडं चिऱ्याचं की लाकडी? जाळीचं भोक केवढं? गाव कुठलं? फोटो असेल तर टाका.

आगरातली:
गुहागरच्या जवळ. फोटो नाही, यांनी लगेच माडाच्या बुंध्यात पुरून टाकली. जाळी म्हणजे कोंबड्यांची असते तीच, दुसरी कुठली असणार?

मालवणी झील:
कांडेचोर! दुसरां कोण? आमच्याकडे पावसात एकदोन कोंबे न्हेताच. मुंगूस रातचो फिरणा नाय.

बावनदीकाठ:
आमच्याकडे फिरतो.

मालवणी झील:
मगे तो मुंगूस न्हय.

पशुमित्र_रत्नागिरी:
मानेचा त्रास असेल तर मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस वेळेवर द्या. लासोटा पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून, पुढे सहाव्या ते आठव्या आठवड्यात आर-टू-बी. पावसाळ्याआधी जंतनाशकही. लस बर्फातच न्या, उन्हात नेली तर उपयोग शून्य.

कातळफूल:
डॉक्टर, मान मोडली नाहीये, मुंडकंच नाहीये.

पशुमित्र_रत्नागिरी:
तरी लस द्याच.

हर्णैकर:
धामण असेल. नाहीतर आर, म्हणजे अजगर. माझ्या आजोळी आर खुराड्यात सापडली होती, पोट फुगल्यामुळे आल्या भोकातून बाहेर जाता येईना.

कातळफूल:
हर्णैकर, सापाला तोडून खाता येत नाही. गिळेल तर अख्खी, नाही झेपली तर ओकून टाकेल, मग डोकं लाळेने चिकट झालेलं दिसतं. धामण अंडी आणि पिल्लं नेते, वाढलेली तलंग तिला झेपत नाही. नाग चावला तर अंगावर जखम शोधावी लागते, मुंडकं जात नाही. कोल्हा किंवा रानमांजर आत शिरलं असतं तर कोंबडी उचलून नेली असती, मागे पिसांची रांग राहते. कुत्रा शिरला असता तर एकीवर थांबला नसता, सगळ्यांना लोळवून न खाताच गेला असता. बिबट्याबद्दल काकांना सांगा, तो खुराड्याची फळीच ठेवणार नाही.

ताई, दोन गोष्टी बघून सांगा. मेलेली तलंग जाळीला लागून होती का? आणि जाळीच्या बाहेरच्या बाजूला पिसं किंवा रक्त आहे का?

आगरातली:
हो, कोपऱ्यात जाळीला टेकून होती. आत्ता बघितलं, बाहेर गवतात थोडी पिसं आहेत. भोकातून माझी तीन बोटं आरामात जातात. रात्री दोनच्या सुमाराला कोंबडा ओरडला होता, पण तो काय, केव्हाही ओरडतो.

कातळफूल:
मग प्राणी आत आलाच नाही. अंधारात कोंबड्यांना धड दिसत नाही. बाहेर खुडबुड झाली की घाबरून जाळीला जाऊन आपटतात. एखादीचं डोकं भोकातून बाहेर आलं की बाहेरचा ते धरून ओढतो. अंग भोकातून जात नाही, म्हणून आतच राहतं. रात्रीची वेळ म्हणजे माझंही मत कांडेचोर, म्हणजे जवादी किंवा उदमांजर. रानमांजरही असं करू शकेल. आज न्हाणीच्या चुलीतली राख चाळून खुराड्याभोवती पसरा, पावलं उमटतील.

दापोलीचा_दादा:
एवढं कशाला? मटणात विष घालून ठेवा, सकाळी कळेल कोण होतं ते. नाहीतर फासकी लावा.

कातळफूल:
दादा, हे असलं इथे लिहू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगूस, कांडेचोर, रानमांजर, कोल्हा सगळे येतात. विषाने वाडीतले कुत्रे आणि घारी मरतात. फासकी डुकरासाठी लावतात आणि अडकतो बिबट्या, हे कोकणात किती वेळा झालंय! काही अडलं तर वनविभागाचा १९२६ नंबर आहे.

दापोलीचा_दादा:
कायदा शहरातल्यांना. आमची कोंबडी गेली की भरून देणार कोण?

मालवणी झील:
दादानु, वडे करूक कोंबो ठेवलास काय? 😀

बावनदीकाठ:
कुत्रा पाळा, सगळे प्रश्न मिटतात.

हर्णैकर:
मग कुत्र्यासाठी बिबट्या येतो.

आगरातली:
राख टाकली होती. दिवेलागणीनंतर टाकली, उजाडायच्या आत बॅटरी घेऊन बघितली. मांजराएवढी पावलं, पाच बोटं, नखं उमटलेली. खुराड्याला दोन फेऱ्या मारून दगडी गडग्यावरून गेलाय. रात्री कोंबड्या पडवीत डालग्याखाली झाकल्या होत्या, वर पाटा ठेवला होता, म्हणून वाचल्या.

बावनदीकाठ:
पाच बोटं मुंगसालाही असतात!

कातळफूल:
असतात, पण हा अंधारात येऊन गेलाय आणि मुंगूस दिवसाचा प्राणी. मांजराची चार बोटं उमटतात, चालताना नखं आत असतात, म्हणून रानमांजरही सुटलं. कांडेचोरच. जवादी की उदमांजर हे पावलावरून मी सांगणार नाही. गडग्यावर किंवा कौलांवर बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर उदमांजर धरा. उपाय दोघांना एकच: षटकोनी भोकांची जाळी काढून अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा. ती जाळी कोंबड्या आत ठेवायला असते, बाहेरच्याला अडवायला नाही. नुसत्या कडीत तार किंवा खुंटी अडकवा. बसायची काठी जाळीपासून हातभर आत घ्या.

आगरातली:
वेल्डमेश खाली पुरायची ना? इथे वीतभर मातीखाली कातळ आहे, पहार लागत नाही.

कातळफूल:
पुरू नका. खालची कडा बाहेरच्या अंगाला दीड-दोन फूट आडवी वळवा आणि वर चिरे ठेवा. उकरणारा भिंतीशीच उकरतो, तिथे खाली जाळी लागते.

गावठी_पिल्लंवाला:
गिरिराज आणि वनराजची पिल्लं मिळतील, चिपळूणपर्यंत पोच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आगरातली:
दादा, आहेत त्याच आधी टिकू देत. सुतार रविवारी येतो म्हणालाय, तोवर डालगं. कोंबडा मात्र डालग्यात मावत नाही आणि पहाटे पडवीत ओरडून घर उठवतो. त्याचं काय करू?

मालवणी झील:
मगाशी वड्यांचा इचारलंय मां?

आगरातली:
त्याचं नाव काढायचं नाही.

कातळफूल:
त्याला पोत्याने झाकलेल्या लाकडी पेटीत ठेवा, फटी असू देत वाऱ्याला. पेटी ठेंगणी बघा, मान ताणून उभं राहता आलं नाही की ओरडणं पुष्कळ कमी होतं. उजाडलं की लगेच सोडा, आत उकडतं.