दस्तुरी नाक्यावरचं 'ट्रेन बंद आहे' माथेरानला महागात पडतंय

लाल_माती

माथेरानात आमचं आठ खोल्यांचं लॉज, सोबत घरगुती खानावळ. मागच्या शनिवारी ठाण्याचं एक कुटुंब येणार होतं, सहा माणसं, दोन रात्री. जेवायला साडेबाराला पोचतो म्हणाले होते, आले साडेतीनला. डाळ दोनदा गरम करून झाली.

दस्तुरी नाक्याच्या पुढे गाड्यांना बंदी. तिथे गाडी लावल्या लावल्या त्यांना कुणीतरी गाठलं. मिनी ट्रेन बंद, ई-रिक्षा बंद, चालत गेलात तर तीन तास. खरं तर अमन लॉज स्टेशन नाक्यापासून हाकेच्या अंतरावर आणि तिथून माथेरानपर्यंतची मिनी ट्रेनची शटल चालू होती. बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर, रमतगमत तासभर. चार घोडे केले, वाटेत 'हा पॉइंट बघून जाऊ' म्हणत वेगळाच फेरा झाला आणि दारात पैशांवरून बाचाबाची. आजी घोड्यावरून उतरल्या त्या रडतच. एक रात्र राहून निघून गेले.

याच फसवणुकीवरून मार्च २०२५ मध्ये माथेरानने बेमुदत बंद पुकारला. बैठक झाली, दुसऱ्या दिवशी बंद मागे. माझं स्पष्ट मत: नाक्यावर गिऱ्हाईक धरायला कुणालाच परवानगी नको. एक खिडकी, मोठा दरफलक आणि घोड्यांना नंबर. ज्याचा नंबर, त्याचं भाडं.

खोगीर

दादा, तुमच्या पाहुण्यांशी जे झालं ते चूकच. पण सगळ्या घोडेवाल्यांना एका दाव्याला बांधू नका. आमचे दोन घोडे, दोन्ही परवान्याचे. परवानाधारक घोडे चारशेच्या वर आहेत. गिऱ्हाईक शनिवार-रविवार, घोडा खातो सातही दिवस. चणे, भुसा, नाल, डॉक्टर. खोली रिकामी राहिली तर तुम्ही कुलूप लावता, घोड्याला कुलूप लावता येत नाही.

आणि नंबर? माझा घोडा तरणा, शांत, लहान पोर बिनधास्त बसवा. शेजारच्याचा म्हातारा, अडखळतो. दोघांना सारखाच नंबर म्हणजे चांगला घोडा ठेवायचा कशाला?

सुट्टीवाला

मी डोंबिवलीचा, दर पावसाळ्यात वर येतो. गिऱ्हाईक म्हणून सांगतो, मला दर जास्त असल्याचं काही वाटत नाही, मला गाडीतून उतरताना भीती वाटते. दरवाजा उघडायच्या आत पाचजण काचेला चिकटलेले. लोणावळ्यात गाडी थेट हॉटेलच्या दारात जाते. बायको दरवेळी हेच ऐकवते.

घाटवाट

लोणावळ्याशी तुलना करणाऱ्यांनी लोणावळ्यालाच जावं. १८५० मध्ये ठाण्याचा इंग्रज कलेक्टर मॅलेटसाहेब वर चढला तेव्हापासून या डोंगराची एकच मिळकत आहे, इथे हॉर्न वाजत नाही. २००३ च्या अधिसूचनेने हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झालं ते उगाच नाही. ई-रिक्षा आली, तिच्यासाठी पेव्हर ब्लॉक आले, आणि त्यावरून घोड्यांचे पाय घसरतात. उद्या 'फक्त हॉटेलवाल्यांची एक गाडी' म्हणाल. मग लोक माथेरानला कशाला येतील? घोडा गेला की माथेरान गेलं. (हो, घोड्याच्या लिदीचा वास मलाही येतो. चालतं.)

तीन_माणसं_एक_रिक्षा

घोडे, हॉटेलं आणि शांतता. हातरिक्षा कुणाला आठवली नाही. माझे वडील ओढायचे. एक पुढे, दोन मागून ढकलायला, आत बसलेला माणूस मोबाइलवर व्हिडिओ काढतोय. चढावर त्यांची छाती कशी वाजायची ते मी ऐकलंय. साठीच्या आतच गुडघे गेले.

घाटवाट, तुमच्या शांततेचं भाडं आम्ही भरलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा आल्या त्या प्रयोग म्हणून. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. हातरिक्षांचे परवाने ९४. आणि २०२४ मध्ये ई-रिक्षांचा आकडा ठरला होता २०. आता सांगा, ९४ माणसं २० गाड्यांत कशी बसवायची? नंबर लावायचाच असेल तर आधी इथे लावा.

लाल_माती

@तीन_माणसं, मान्य. मी फक्त माझ्या दारातून बघत होतो.

@खोगीर, चांगल्या घोड्याचा मुद्दा बरोबर आहे. मग पॉइंट दाखवायच्या फेरीला गिऱ्हाईकाने आवडीचा घोडा निवडावा. पण नाका ते बाजार या फेरीला नंबरच. तिथे कुणी घोडा बघून निवडत नाही, जो आधी गाठतो त्याच्या मागे जातात. ही स्पर्धा घोड्याची नाही, घशाची आहे.

खोगीर

घशाची म्हणता, मग तुमचे एजंट काय गळा आवळून बसतात? नाक्यावर हॉटेलांची माणसंही उभी असतात, 'तुमचं हॉटेल लांब आहे, आमचं बाजारात' म्हणत. माझ्या घोड्यावर बसलेलं गिऱ्हाईक मी स्वतः पाहिलंय, बुकिंग एका ठिकाणचं आणि उतरलं दुसरीकडे. कमिशन कोण देतं? दरफलक लावा, पण त्यावर कमिशनचा आकडाही लिहा.

चिक्कीवाली

खोगीर खरं बोलतोय. बाजारात दुकान आहे, दिसतं सगळं. पण तुम्हा दोघांच्या भांडणात पाहुणा चिडून परततो, आणि चिडलेला माणूस चिक्की घेत नाही. चप्पलवाल्यांना विचारा, मधवाल्यांना विचारा. वाडीवरून हमालीला चढून येणाऱ्या बायकांना तर एक बॅग मिळाली तर दिवस. त्यांच्यासाठी नंबर कोण लावणार?

घाटवाट

म्हणजे सगळ्यांना खिडकी हवी, पण खिडकीच्या आत कोण बसणार यावर पुढचा बंद.

लाल_माती

नगरपरिषदेचा माणूस बसवा. हॉटेलवाला नको, घोडेवाला नको. कमिशन लिहायला मी तयार आहे. मी देतो तेही लिहा.

सुट्टीवाला

तुमचं ठरेल तेव्हा ठरेल. या शनिवारी आईला घेऊन येतोय, गुडघ्यांचा त्रास आहे, घोड्यावर बसवत नाही. काय करू? खरं सांगा.

खोगीर

शटलच घ्या. नेरळहून येणारी गाडी पावसाळ्यात नसते, पण अमन लॉजहून शटल असते. सकाळी लवकर या, दहानंतर तिकिटाला रांग लागते. स्टेशनवरून आईला थोडंच चालावं लागेल, सामान हमालाकडे द्या आणि पैसे आधी ठरवा. शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवा. चुकली तर मी नाक्यावर असेनच, पण त्या वेळी भाव माझा.