जीएम (म्हणजे जनुक बदललेला) मासा विकायचा तर वांझच हवा का?

डोहकाठ
लेकीच्या टाकीत लाल चमकणारे डॅनियो (शोभेचे छोटे मासे) आहेत, सोबत चार साधे पट्टेवाले. आईबाप स्वतःचीच अंडी खातात म्हणून तळाला गोट्या टाकल्या होत्या. पिल्लं जरा मोठी झाल्यावर निळ्या दिव्याखाली बघितली. काही लालभडक, काही साधी. दुकानदार म्हणाला होता, "इंजेक्शनचा रंग आहे." कसलं इंजेक्शन! प्रयोगशाळेत घातलेलं प्रवाळाचं जनुक सरळ पुढच्या पिढीत उतरलंय.

आता गंमत बघा. कॅनडात 1989 मध्ये अटलांटिक सामन माशात चिनूक सामनचं वाढीचं जनुक घातलं. त्याला अमेरिकेत खाण्यासाठी परवानगी मिळायला 2015 उजाडलं. तीही कशी? सगळ्या माद्या, गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या, म्हणजे वांझ, आणि जमिनीवरच्या टाक्यांत कोंडलेल्या. हा डॅनियो मात्र तिथे 2003 पासून दुकानात. का, तर तो कुणी खात नाही आणि त्याला थंडी सोसत नाही.

पण झेब्रा डॅनियो मूळचा आपल्याकडचाच, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. इथे सुटला तर सोयरीक घरातच. माझं मत: ज्याची पिल्लावळ होऊ शकते असा जीएम मासा विकूच नये.

उलटा पोहणारा
भीती जरा जास्तच वाटतेय. पर्ड्यू विद्यापीठातल्या म्युर आणि हॉवर्ड या जोडीने 1999 मध्ये गणित मांडलं होतं: 60,000 माशांत 60 जीएम मासे शिरले तर 40 पिढ्यांत सगळी जमातच नामशेष. सगळीकडे तेच उगाळलं जातं. त्याच दोघांनी पुढे लाल डॅनियो आणि साधे डॅनियो एकत्र ठेवून पिढ्यान्‌पिढ्या बघितले. 2015 चा निकाल: 15 पिढ्यांत जवळपास सगळ्या गटांतून लाल रंग गायब! माद्यांना लाल नर आवडायचे, पण साधे नर त्यांना हुसकावून लावायचे. निसर्गाला तुमच्या बंदीची गरज नाही.

डोहकाठ
हुसकावून लावायला साधे नर हवेत ना? ब्राझीलमध्ये विक्रीला बंदी असूनही लाल-हिरवे डॅनियो ओढ्यांत पोचले, आणि तिथे त्यांची वीण होतेय असं 2022 मध्ये संशोधकांनी छापलं. तिथे रानटी डॅनियो नाहीतच.

उलटा पोहणारा
मग आपल्याकडे रानटी आहेत म्हणून भीती की तिकडे नाहीत म्हणून? एक काय ते ठरवा.

डोहकाठ
दोन्ही. तिकडे परका मासा घर करतो, इकडे जनुक नात्यात शिरतं. टाकीतल्या 15 पिढ्यांवरून मी नदीची हमी घेणार नाही.

उजनीकर
आमच्या धरणात चिलापी (तिलापिया, बाहेरून आलेला मासा) आहे. तिच्यात कुणी कुठलं जनुक घातलं नव्हतं. तरी आज जाळं ओढलं की रोहू-कटला मोजके आणि चिलापी पाटीभर. तेव्हा जनुक-जनुक करू नका, मासा कुठला आणि सोडला कुठे ते बघा.

दुसरं, वांझ मासा म्हणजे बोटुकली (तळ्यात सोडायची पिल्लं) दरवेळी कंपनीकडूनच घ्यायची. कापसाच्या बियाण्याच्या पाकिटासाठी दर जूनला दुकानापुढे उभं राहतोच, आता तळ्यासाठीपण राहू? मी पाळला तर पिल्लं माझीच झाली पाहिजेत.

डोहकाठ
उजनीकर, बीजाचं पटलं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण चिलापीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ती परत काढता आली का?

उजनीकर
काढायची कशाला? पोट तिच्यावरच आहे आता.

तिखटजाळ
अहो, आपल्याकडे जीएम जीव आणायला-विकायला 1989 च्या नियमांनुसार केंद्राच्या समितीची परवानगी लागते. चमकणारे मासे तरीही दुकानोदुकानी. आहे तो नियम आधी पाळा, मग वांझ की लेकुरवाळा ते ठरवू. आणि डोहकाठ, त्या पिल्लांचं काय केलंत?

डोहकाठ
सतरा जगली. चार खालच्या मजल्यावरच्या मुलाने नेली. आज चौकशी केली तर त्याची आजी म्हणाली, गावाला जायचं होतं, जीव कशाला मारायचा, म्हणून मागच्या तळ्यात सोडली.

उलटा पोहणारा
चिलापी असेल त्या तळ्यात, तर चारच दिवसांचे पाहुणे.