सल्ला हवा : फ्लोरिडातील मॅनाटी, समुद्री कासवे आणि मार्गदर्शकासह स्नॉर्केलिंग

गोदातीर (परभणी)

सप्रेम नमस्कार.

डिसेंबरच्या मध्यावर आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेत, फ्लोरिडातील टॅम्पा येथे जात आहोत. तेथून सुमारे दीड तासाच्या अंतरावर क्रिस्टल रिव्हर नावाचे गाव आहे. तेथील झऱ्यांमध्ये हिवाळ्यात मॅनाटी (पाण्यात राहणारा, वनस्पती खाणारा मोठा, संथ सस्तन प्राणी) येतात आणि मार्गदर्शकासोबत पाण्यात उतरून ते पाहता येतात, असे सूनबाईंनी कळवले असून काही कंपन्यांची माहितीही पाठवली आहे. ती सगळी वाचली, पण निवड कशावरून करावी हे मात्र उमगले नाही, कारण प्रत्येकाने "अगदी जवळून भेट" एवढेच ठळक अक्षरांत लिहिले आहे. मी निवृत्त जीवशास्त्र शिक्षक आहे. ज्या प्राण्याला पाहायला जायचे, त्याला आपल्या जाण्यानेच त्रास होणार असेल तर मी काठावरून पाहणे पसंत करीन. सल्ला देताना ही माझी पहिली अट समजावी.

विहिरीत पोहण्यात माझे बालपण गेले आणि आजही मी न थकता पोहू शकतो. मात्र स्नॉर्केलिंग, म्हणजे डोळ्यांवर मास्क आणि श्वासासाठी तोंडात नळी घेऊन पोहणे, कधी केले नाही. सौभाग्यवतींना पोहता येत नाही. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. याच प्रवासात समुद्री कासवेही पाण्यात पाहता येतील का, आणि तेथे जमत नसेल तर आपल्या देशात त्यासाठी कोठे जावे, हेही जाणकारांनी सांगावे.

टॅम्पावासी (मूळ नांदेड)

गुरुजी, नमस्कार. गावाकडून हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना मी क्रिस्टल रिव्हरला नेत असतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

मॅनाटी तेथे का येतात हे एकदा लक्षात आले की मार्गदर्शक निवडणे सोपे जाते. पूर्ण वाढलेला मॅनाटी साधारण तीन मीटर लांब आणि साडेचारशे किलोच्या आसपास वजनाचा असतो, पण त्या देहाकडे पाहून वाटते तशी चरबी त्याच्या अंगावर नसते आणि त्याची चयापचयाची गतीही मंद असते. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याला थंडी बाधू लागते आणि फार काळ तसेच राहिले तर तो दगावतो. क्रिस्टल रिव्हरच्या किंग्ज बे या खाडीत जमिनीखालून सत्तरहून अधिक झरे फुटतात आणि त्यांचे पाणी बाराही महिने 22 अंशांच्या आसपास असते. म्हणून समुद्र गार पडला की मॅनाटी तेथे आश्रयाला येतात आणि डोहात डुंबणाऱ्या म्हशींप्रमाणे निवांत पडून असतात. आपल्याला गंमत म्हणून दिसणारी ही जागा त्यांच्या दृष्टीने थंडीपासूनचा निवारा आहे. झोपलेला मॅनाटी पोहणाऱ्यांच्या गडबडीने उठून गार पाण्यात निघून गेला, तर त्याचे नुकसान आपल्याला दिसत नाही, पण ते झालेले असते.

या कारणानेच तेथील नियम कडक आहेत. 1983 मध्ये या मॅनाटींसाठी क्रिस्टल रिव्हर राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान स्थापन झाले. 15 नोव्हेंबर ते 31 मार्च हा मॅनाटींचा हंगाम मानला जातो आणि त्या काळात पाण्यातील काही भाग तरंगत्या खुणा लावून केवळ त्यांच्यासाठी राखून ठेवतात. तेथे माणसाने शिरायचे नाही. मॅनाटीचा पाठलाग करणे, त्याला घेरणे, खायला घालणे, नळीने गोडे पाणी पाजणे, आई आणि पिल्लाच्या मध्ये जाणे, या सगळ्यास मनाई आहे. छळ केल्याचे सिद्ध झाले तर फ्लोरिडा राज्याच्या कायद्याने 500 डॉलरपर्यंत दंड व 60 दिवसांपर्यंत कैद, आणि केंद्रीय कायद्याने 50,000 डॉलरपर्यंत दंड व एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आता निवडीविषयी. सूनबाईंना प्रत्येक कंपनीला फोन करून एकच प्रश्न विचारायला सांगावे : "मॅनाटीला हात लावता येईल का?" जो "हो, तो जवळ आला तर लावा" असे म्हणेल त्याचे नाव यादीतून काढून टाकावे. जो "नाही" म्हणून थांबेल तो बरा. जो "नाही" म्हणून त्याचे कारण समजावून सांगू लागेल, त्याच्याकडे जावे. माझ्या अनुभवाने चांगला मार्गदर्शक ओळखण्याची खूण हीच की तो आपल्याला काय करू देणार नाही हे पैसे घेण्याआधी सांगतो. त्यानंतर गटात किती माणसे असतात ते विचारावे. सहा-आठच्या वर असतील तर मला ते जास्त वाटते. मार्गदर्शक स्वतः पाण्यात उतरतो की नावेवरूनच हात दाखवतो, हेही विचारावे. तो आपल्याबरोबर पाण्यात असलाच पाहिजे आणि नाव सांभाळायला दुसरा माणूस हवा. पाण्यात उतरण्यापूर्वी नियमांची चित्रफीत दाखवतात; ती घाईघाईने उरकणाऱ्याकडे जाऊ नये.

बरेच चांगले मार्गदर्शक तेथे पायांत फिन (पोहण्यासाठीचे रबरी पंख) घालू देत नाहीत. त्याऐवजी फोमची लांब नळी काखेखाली देतात आणि पालथे तरंगत राहायला सांगतात. हात मारायचे नाहीत, पाय झाडायचे नाहीत, बुडी घ्यायची नाही. विहिरीत सूर मारणाऱ्याला हे सुरुवातीला अवघड जाते, कारण पाण्यात उतरलो की काहीतरी करायचे अशीच आपल्या अंगाला सवय असते. येथे मात्र जो कमी हालतो त्यालाच जास्त दिसते. मॅनाटी दर काही मिनिटांनी श्वासासाठी वर येतो, झोपेत असला तर वीस मिनिटांपर्यंतही खाली राहू शकतो, आणि कधीकधी कुतूहलाने स्वतःच माणसापाशी येतो. तो आला तरी आपण होतो तसेच राहायचे. अनेक मॅनाटींच्या पाठीवर नावेच्या पंख्याने झालेल्या जखमांचे जुने वण दिसतील. ते पाहून वाईट वाटते, पण संशोधक त्या वणांवरूनच एकेक मॅनाटी ओळखतात आणि वर्षानुवर्षे त्यांची नोंद ठेवतात. आपण शिक्षक आहात म्हणून हे मुद्दाम सांगितले.

काकूंसाठीही चांगली सोय आहे. थ्री सिस्टर्स स्प्रिंग्ज या झऱ्याभोवती लाकडी पायवाट बांधलेली आहे आणि पाणी इतके नितळ आहे की वरून मॅनाटी स्पष्ट दिसतात. जवळच्या होमोसासा स्प्रिंग्ज उद्यानात पाण्याखाली बांधलेली काचेची खोली असून तेथे कोरड्या कपड्यांनिशी उभे राहून पाणी आतून पाहता येते. टॅम्पाच्या दक्षिणेला अपोलो बीच येथे वीज केंद्रातून बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्याच्या कालव्यातही मॅनाटी मोठ्या संख्येने जमतात. तेथील प्रेक्षक केंद्र 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल उघडे असते आणि प्रवेश विनामूल्य आहे. तेथे पोहायला मात्र परवानगी नाही.

वैद्यकी (लातूर)

गुरुजी, रक्तदाबाची गोळी चालू आहे म्हणून पाण्यात उतरूच नये असे नाही. परंतु निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना "मी नळीतून श्वास घेत पोहणार आहे" असे स्पष्ट सांगून हृदयाची तपासणी करून घ्यावी. नळीतून श्वास घेताना छातीला नेहमीपेक्षा जास्त जोर लावावा लागतो, आणि गार पाण्यात उतरताच रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की ज्याचे हृदय आधीच थोडे कमजोर आहे त्याला दम लागू शकतो. आकड्यात 22 अंश सौम्य वाटले तरी तासभर न हलता तरंगल्यावर हुडहुडी भरते, म्हणून वेटसूट (पाण्यात ऊब टिकवणारा अंगाला घट्ट बसणारा पोशाख) जाड मागून घ्यावा. संपूर्ण चेहरा झाकणारे मास्क आपल्या वयाच्या व्यक्तींनी टाळावेत असे माझे मत आहे, कारण अडचण आली तर साधा मास्क एका हाताने वर सारून नळी तोंडातून काढता येते, तसे त्यात चटकन जमत नाही. विमानातून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी पाण्यात जाऊ नये. झोप पूर्ण होऊ द्यावी. प्रवासी विमा घेताना रक्तदाबाचा उल्लेख लपवू नये, अन्यथा दावा करण्याची वेळ आल्यास अडचण होते.

निळाई (बीड)

कासवांविषयी मी लिहिते.

क्रिस्टल रिव्हरच्या झऱ्यांत कासवांची अपेक्षा ठेवू नये. एकाच सकाळी मॅनाटी आणि समुद्री कासव दोन्ही दाखवण्याचे आश्वासन तेथे कोणी देत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेच्या मुक्कामात वेळ आणि पैसा दोन्ही असतील तर पोर्टो रिको हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. तेथे जायला भारतीयांना अमेरिकेच्या व्हिसाव्यतिरिक्त वेगळा व्हिसा लागत नाही आणि तेथील कुलेब्रा बेटावर टामारिंडो किनाऱ्याच्या उथळ पाण्यात हिरवी कासवे समुद्री गवत चरताना दिसतात. परंतु केवळ कासवांसाठी एवढा खटाटोप करू नये असे मला मनापासून वाटते, कारण आपल्याकडे लक्षद्वीप आहे.

अगत्ती बेटाच्या खाजणात हिरव्या कासवांची संख्या एवढी वाढली होती की त्यांनी समुद्री गवताची कुरणे पार खुरटी केली आणि मासे कमी झाले म्हणून स्थानिक कोळ्यांची त्यांच्यावर नाराजी झाली. मैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी यावर बरीच वर्षे काम केले आहे. दुष्काळात चाऱ्यावाचून होणारे हाल पाहत वाढलेल्या आपल्या भागातल्या माणसाला त्या बेटावरच्या लोकांची आणि कासवांची, दोघांचीही बाजू समजू शकते. लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना काढावा लागतो. कोचीहून अगत्तीला विमान जाते, जहाजानेही जाता येते, आणि पावसाळा सोडून, साधारण ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ योग्य असतो.

कासवाजवळ कसे जावे हे मला तेथील मार्गदर्शकाने पाण्यात उतरण्यापूर्वी वाळूवर आकृती काढून समजावले होते. कासवाच्या वर कधीही तरंगू नये, कारण त्याला श्वासासाठी वर यावे लागते आणि आपण डोक्यावर असलो तर त्याची वाट अडते. मागून जाऊ नये, कारण त्याला तो पाठलाग वाटतो. बाजूने, त्याला आपण दिसू अशा रीतीने, काही मीटर अंतर राखून थांबावे. त्याने चरणे थांबवून मान वर केली की आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे सरावे. जो गाइड कासवाचे कवच धरून छायाचित्र काढायला सांगतो त्याच्याबरोबर पुन्हा जाऊ नये. समुद्री कासवे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

काकूंना बरोबर घेऊन, पाण्यात न उतरता कासवे पाहायची असतील तर रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास आहेच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम गावकऱ्यांना सोबत घेऊन सुरू केले. साधारण दीड-दोन महिन्यांत अंड्यांतून पिल्ले बाहेर येतात आणि ती समुद्राकडे जाताना पाहता येतात. मार्चच्या सुमारास जावे, आणि मुक्काम गावातल्या घरीच करावा म्हणजे त्या कामाचा लाभ गावाला मिळतो.

डोहकर (पैठण)

मी मुलांना पोहायला शिकवतो, म्हणून सरावापुरते लिहितो. गुरुजी, आपला दमसास चांगला आहे, पण आपण आजवर श्वास डोके वर काढून घेतला आहे. चेहरा पाण्यात असताना तोंडाने शांतपणे श्वास घेणे ही निराळी सवय असून ती येथेच लावून घ्यावी. मास्क आणि नळी विकत घ्या. पहिले काही दिवस शहरातल्या तरण तलावात कंबरभर पाण्यात उभे राहून, केवळ चेहरा बुडवून श्वास घ्या. त्यानंतर पालथे तरंगा. मग नळीत मुद्दाम पाणी जाऊ द्या आणि जोराने फुंकून ते बाहेर काढा. हे जमले की भीती जाते. हा सराव विहिरीत किंवा नाथसागरात एकट्याने मुळीच करू नये.

मिशा जाड असतील तर मास्कच्या कडेतून पाणी झिरपते. ओठाच्या वरची रेघ बारीक करून घ्यावी किंवा तेथे थोडे व्हॅसलीन लावावे. चष्मा असेल तर नंबरची काच बसवलेला मास्क मिळतो. नवीन मास्कच्या काचेवर आतून वाफ धरते; टूथपेस्टने घासून तो धुतला की हा त्रास बराच कमी होतो.

गोदातीर (परभणी)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि सविस्तर लिहिले, याबद्दल मनःपूर्वक आभार. फोनवर विचारायचा प्रश्न सूनबाईंना कळवला आहे आणि डॉक्टरांची वेळही घेतली आहे. कासवांसाठी परत आल्यावर वेळास आणि पुढच्या हिवाळ्यात लक्षद्वीप, असे आम्ही दोघांनी ठरवले. एक शंका उरली आहे : आम्ही गेलो त्या दिवशी थ्री सिस्टर्सचा झरा पोहणाऱ्यांसाठी बंद असेल तर काय करावे?

टॅम्पावासी (मूळ नांदेड)

थंडीची लाट आली की पुष्कळ मॅनाटी एकाच वेळी त्या झऱ्यात शिरतात आणि मग आश्रयस्थानाचे कर्मचारी तो माणसांसाठी बंद करतात. त्या दिवशी मार्गदर्शक किंग्ज बेमधल्या दुसऱ्या खुल्या जागी नेतो. तेथील पाणी तेवढे नितळ नसले तरी मॅनाटी दिसण्याची शक्यता चांगली असते. ज्या दिवशी झरा बंद असतो, त्याच दिवशी लाकडी पायवाटेवरून सर्वांत जास्त मॅनाटी दिसतात, त्यामुळे दुपारचा वेळ काकूंबरोबर तेथे घालवावा. बुकिंग करताना पहाटेची पहिली फेरी आणि आठवड्याच्या मधला वार मागावा, कारण उजाडताना मॅनाटी झऱ्यांत विसावलेले असतात आणि नावांची वर्दळ सुरू झालेली नसते. नाताळ ते नववर्षाचा आठवडा शक्यतो टाळावा. आपण पोहोचल्यावर मला येथे निरोप द्यावा. वेटसूटचे माप घ्यायला मी स्वतः बरोबर येईन.